मे महिन्यात सगळीच घरं कोरडी दिसतात

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वेंगुर्ल्याजवळ ११ गुंठ्यांतलं एक चिरेबंदी घर त्यांना मनापासून आवडलं आहे. मूळ घर साठेक वर्षांचं, कौलारू. मागच्या अंगाला २००३ साली स्लॅबच्या दोन खोल्या आणि न्हाणीघर जोडलेलं. मुलगा अमेरिकेत असतो, तो म्हणतो, ‘होम इन्स्पेक्शन केल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.’ मध्यस्थ म्हणतो, ‘आमच्याकडे तसलं काही नसतं, घर डोळ्यांसमोर आहे, टोकन देऊन टाका.’ ताईंनी घराचे बारा-पंधरा फोटोही पाठवलेत. कोणाचं ऐकू, आणि पाहणी करायचीच तर नेमकं बघायचं काय, असं त्या विचारतात.

ताई, मुलाचं ऐका. मी सिव्हिल इंजिनीयर. गेली २८ वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरं बांधतोय आणि बांधली त्याहून जास्त दुरुस्त केलीत. दुरुस्तीला बोलावणाऱ्यांत दरवर्षी असं एखादं कुटुंब असतंच, ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलं आणि पहिल्याच पावसात त्यांना रडू फुटलं. थोडा वेळ आणि थोडे पैसे आधी घातले असते तर त्यातलं बरंच टळलं असतं.

मुलगा म्हणतोय ती पद्धत आधी समजून घ्या. अमेरिकेत खरेदीदार स्वतःचा माणूस नेमतो. तो दोन-तीन तास घर फिरून बघतो: छप्पर, पाया, वायरिंग, नळ, गटार. भिंती फोडत नाही, डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल तेवढं बघून फोटोंसह लेखी अहवाल देतो. करारात बहुधा अशी अट असते की पाहणीत काही गंभीर निघालं तर ठरलेल्या मुदतीत खरेदीदार किंमत पुन्हा बोलू शकतो किंवा अनामत परत घेऊन व्यवहार सोडू शकतो. त्या अहवालात घर ‘पास’ किंवा ‘नापास’ असं काही नसतं. घर कुठे दुखतंय आणि ते दुखणं किती जुनं आहे, एवढंच त्यात असतं.

आपल्याकडे असा परवाना घेतलेला वेगळा धंदा नाही, हे मध्यस्थाचं म्हणणं खरं आहे. पण ते काम करणारी माणसं आहेत. एक स्ट्रक्चरल इंजिनीयर आणि एक जुना सुतार, दोघांना एकाच दिवशी बोलवा. दोघंही तुमचे हवेत, विकणाऱ्याने किंवा मध्यस्थाने सुचवलेले नकोत. आणि एक गैरसमज काढून टाका: कर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे पाहणी झाली, असं नाही. तो बँकेच्या पैशाला तारण पुरेल का ते बघतो. तुमच्या माजघरात ओल येते का, हा त्याचा प्रश्न नाही.

आता घर बघायला कधी जायचं? मुंबईची माणसं मे महिन्यात सुट्टी काढून येतात, आंबे खातात, घर बघतात आणि जूनच्या आत टोकन देतात. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळा कुठून आला आणि कुठून गेला, हे मे महिन्यात भिंत आपणहून सांगत नाही, तेव्हा सगळीच घरं कोरडी असतात. उलट विहिरीचं खरं रूप फक्त मे महिन्यातच कळतं. म्हणून मी दोन फेऱ्या सांगतो: एक मेच्या अखेरीस आणि एक जुलैत, चांगली झड लागलेली असताना. दुसरी फेरी जमणारच नसेल तर कोरड्या दिवसांत पाण्याच्या खुणा वाचाव्या लागतात. त्या वाचता येतात, पण डोळा लागतो.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. धंद्यात तीन-चार वर्षं झाली होती. देवगड तालुक्यात एका निवृत्त शिक्षकांना घर घ्यायचं होतं, त्यांच्याबरोबर मी मे महिन्यात गेलो. भिंती सरळ, कौलं ठीक, लाकूड फणसाचं आणि ठणठणीत. मी म्हटलं, ‘गुरुजी, घ्या.’ जुलैत त्यांचा फोन आला. जाऊन बघतो तर माजघरात लादीच्या सांध्यासांध्यातून पाणी वर येत होतं. भिंत गळत नव्हती, छप्पर गळत नव्हतं, पाणी जमिनीतून उमळत होतं. तांदळाचे डबे पाटावर चढवलेले, गुरुजींच्या पत्नी हातात फडकं घेऊन नुसत्या उभ्या. ते घर डोंगर कापून बसवलेलं होतं. दरड आणि मागची भिंत यांच्यामध्ये पूर्वी एक चर होता, डोंगरातून झिरपणारं पाणी त्यातून बाजूने निघून जायचं. विकणाऱ्याने तो बुजवून वर फरशी घातली होती, कपडे वाळत घालायला जागा व्हावी म्हणून. शेजारच्या आजी दगडी गडग्यापलीकडून म्हणाल्या, ‘पाणी सगळा हयसूनच जाता,’ म्हणजे इथूनच जातं. त्यांना ते पन्नास वर्षं माहीत होतं. मे महिन्यात मी त्यांना विचारलंच नव्हतं. नंतर चर पुन्हा खोदून दिला, गुरुजींनी मला कधी बोल लावला नाही, पण त्या दिवसाची त्यांच्या घरातली शांतता अजून आठवते.

तेव्हापासून मी आधी घरात शिरत नाही. आधी शेजारी जातो, मग घराला बाहेरून प्रदक्षिणा घालतो. पाणी कुठून येतं, कुठून जातं, व्हाळ म्हणजे ओढा किती लांब, गडग्याला पाणी जायला मोऱ्या ठेवल्यात की नाहीत. मागे दरड असेल तर तिची उंची बघायची आणि दरडीवरच्या जमिनीला भेगा आहेत का ते वर चढून बघायचं. झाडांची खोडं एकाच बाजूला कललेली दिसली किंवा जांभ्याच्या थराखाली पिवळट-पांढरी चिकणमाती उघडी पडलेली दिसली, तर मी तिथे इंजिनीयर म्हणून स्वतःच्या मतावर थांबत नाही, भूगर्भतज्ज्ञ बोलवायला सांगतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याच दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं होतं, २००५ मध्येही बुडालं होतं. नदीकाठच्या गावात घर घेताना ‘पूर येतो का?’ असं विचारू नका, ‘२००५ ला पाणी कितव्या पायरीपर्यंत होतं आणि २०२१ ला कितव्या?’ असं विचारा. असं विचारलं की माणसं हात लावून दाखवतात.

उतारावरच्या घराची आणखी एक गोष्ट. अर्धं घर कापलेल्या पक्क्या जमिनीवर आणि अर्धं भरावावर असेल तर भरावाची बाजू हळूहळू बसते. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी तड निघते, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषांना घाबरू नका, त्या सगळीकडे असतात. ज्या तिरक्या तडीत रुपयाचं नाणं उभं शिरतं, तिला मात्र घाबरा. तड जुनी की चालू, हे बघायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून तारीख लिहून ठेवतात. भिंत हलली की काच फुटते. विकणाऱ्याने महिनाभर ती पट्टी राहू दिली, तर तो माणूसही कळतो.

आता चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो. त्याला छिद्रं असतात, तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. जुन्या माणसांनी भिंती मातीत किंवा चुन्यात बांधल्या, त्यामुळे भिंतीला श्वास घेता यायचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिकसारखा रंग देण्याची पद्धत आली. जमिनीतून चढलेली ओल आत कोंडली जाते आणि आतल्या बाजूने, गुडघ्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत फुटते. रंगाला पोपडे येतात, पांढरा क्षार मिठासारखा बोटाला लागतो, त्याला आपण लोणा म्हणतो. त्या उंचीवर हात सपाट ठेवून भिंतभर फिरवा. थंडावा कुठे सुरू होतो ते हाताला कळतं. लोणा धरलेली भिंत पाडायची नसते, तिचा गिलावा उतरवून चुन्याचा करायचा असतो आणि जोत्याभोवतीचं पाणी लांब काढायचं असतं. काम होण्यासारखं आहे, फक्त त्याचे पैसे किमतीतून आधी वजा व्हायला हवेत.

छपराकडे सुताराने बघावं आणि तुम्ही त्याच्याबरोबर माळ्यावर चढावं. मंगलोरी कौल फुटलं तर बदलता येतं, रीप कुजली तरी बदलता येते. खरी परीक्षा वाशांच्या टोकांची आणि ती टोकं भिंतीवर ज्या लाकडावर टेकतात त्याची. पाणी तिथेच मुरतं आणि वाळवी तिथूनच चढते. गुहागरच्या बाजूला एक घर बघत होतो. ओटीला नुकतंच पीव्हीसीचं पांढरं सीलिंग केलेलं, चकचकीत. मी म्हटलं, भिंतीलगतची एक पट्टी काढू दे. मालक नको म्हणाले, मग अर्ध्या तासाने बरं म्हणाले. पट्टी काढली. वरून वासा काळाभोर, तेल दिल्यासारखा सुंदर दिसत होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि जरा दाबलं, तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा पात्याला ओली माती लागलेली होती. आतलं लाकूड वाळवीने खाऊन त्या जागी माती भरली होती, बाहेर फक्त टरफल शिल्लक. त्या ओटीच्या अकरा वाशांपैकी सहा तसे निघाले. म्हणून सांगतो, नवं सीलिंग, नवं वॉलपेपर, भिंतीला टेकून ठेवलेलं कपाट, यांच्यामागे बघितल्याशिवाय घर बघितलं असं म्हणू नका. वाळवीच्या मातीच्या नळ्या जोत्यावरून वर चढताना बोटाएवढ्या दिसतात. त्यातली एक फोडा. आत जिवंत वाळवी दिसली तर काम चालू आहे, आणि नळी कोरडी निघाली तरी ती गेली असं धरून चालू नका.

लाकूड कुठलं हेही विचारा. साग, फणस, किंजळ, ऐन असेल तर आशा आहे. आंब्याच्या फळ्या वापरल्या असतील तर त्या फार दिवसांच्या नाहीत.

तुमच्या घरात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती साठ वर्षांच्या चिरेबंदी भागाची नाही, वीसेक वर्षांच्या स्लॅबची. लोकांना हे उलटं वाटतं. पण समुद्राजवळच्या स्लॅबचं आयुष्य आतल्या लोखंडावर ठरतं. काँक्रीट नवं असताना लोखंडाभोवती एक संरक्षक कवच असतं. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ छिद्रांतून आत शिरत जातं आणि लोखंडापर्यंत पोचलं की ते कवच मोडतं. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच असतं. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, ती मिळाली नाही की खालचं काँक्रीट ढकलून पाडतं. स्लॅबचे पोपडे पडतात ते त्यामुळे, आणि ते पाण्याच्या गळतीने पडले असं समजून लोक वरून नुसतं वॉटरप्रूफिंग करत बसतात.

आपल्या ‘आयएस ४५६’ या मानकात, सन २००० च्या आवृत्तीत, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटसाठी लोखंडावर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आच्छादन आणि किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट सांगितलंय. गावाकडच्या त्या काळातल्या घरगुती स्लॅबमध्ये मला पाऊण इंच आच्छादन मिळालं तरी बरं वाटतं. सळ्यांखाली ठोकळे न ठेवता खडी सरकवलेली असते. त्यामुळे २००३ च्या स्लॅबवर आता गंजाची वेळ आलेली असणार, असं धरूनच मी बघायला जाईन.

बघायचं असं. छज्ज्याची खालची बाजू, न्हाणीघराचं छत आणि समुद्राकडच्या खांबांचे खालचे दोन फूट, या तीन जागा आधी. सळईच्या रेषेत सरळ तड किंवा तांबूस डाग दिसतो का? छोट्या हातोडीने हलकं ठोकत जा. भरीव काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं भद वाजतं, हा फरक पाच मिनिटांत कुणाच्याही कानाला कळतो. इंजिनीयरला रिबाउंड हॅमर आणायला सांगा, पण त्याच्या एका आकड्यावर विसंबू नका, तो फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. मी एका कोपऱ्यात छोटा टवका काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रंग बदलणारं रसायन शिंपडतो. काँक्रीट गुलाबी झालं तर तिथली अल्कता शाबूत आहे. रंगच आला नाही आणि रंग न आलेला तो भाग सळईपर्यंत पोचला असेल, तर कवच संपलेलं आहे. गुलाबी रंग आला म्हणजे मीठ नाही असं मात्र नव्हे, मिठाची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी करावी लागते. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर ती करूनच घ्या.

स्लॅबवर पत्र्याची शेड असेल तर ती कधी घातली आणि का, हे विचारा. आधीपासून असेल तर उत्तम. गळायला लागल्यावर घातली असेल तर खालचं नुकसान आधीच झालेलं असतं. आणि जुनी चिऱ्याची भिंत आणि नवी खोली जिथे जोडली आहे, तिथे उभी तड असणारच, दोन्ही बांधकामं वेगवेगळी बसतात. त्या सांध्यावर पन्हळ नीट बसवली आहे का एवढं पाहा, कौलांवरचं सगळं पाणी तिथेच उतरतं.

विहिरीचं पाणी मेच्या शेवटी चाखा आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरलंय, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत. किनाऱ्याच्या विहिरी ऑक्टोबरात गोड आणि मेमध्ये मचूळ होतात. विकणाऱ्याला विचारा, मे महिन्यात टँकर घेता का. शोषखड्डा विहिरीपासून ५० फुटांच्या आत असेल तर जिवाणूंची तपासणी झाल्याशिवाय मी पुढे जात नाही, जांभ्यातून पाणी फार लवकर पाझरतं. शेजाऱ्याचा शोषखड्डाही मोजा, तो विसरला जातो.

वायरिंग जुनी असेल तर नवी करायची असंच धरा, त्यावर वेळ घालवू नका. फक्त अर्थिंग मोजून घ्या. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात सुकली की अर्थिंग नावापुरतं उरतं, आणि वळवाच्या विजा त्याच दिवसांत पडतात.

कागद हे वकिलाचं काम आहे, पण पाहणीशी जोडलेलं थोडं सांगतो. सातबारावरची सगळी नावं आणि प्रत्यक्ष सही करणारी माणसं जुळतात का ते बघा, कोकणात एका घरावर मुंबईतल्या चार चुलत भावांची नावं असतात. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं. सरकारी मोजणी झाल्याशिवाय ११ गुंठे हा फक्त बोलण्यातला आकडा आहे. घरापर्यंतची पाखाडी, म्हणजे पायवाट, कोणाच्या जमिनीतून येते, हे नकाशात शोधा. आणि मागच्या खोल्या २००३ च्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेनंतरच्या. भरती रेषेजवळ किंवा खाडीकाठी घर असेल तर त्या वाढीव बांधकामाची परवानगी कागदावर मागा. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे.

आता टोकन. मध्यस्थ म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. असेलही. विसार द्यायचाच असेल तर छोटी रक्कम द्या, चेकने द्या, आणि विसार पावतीत साध्या शब्दांत लिहून घ्या: ‘खरेदीदार आजपासून ३० दिवसांत स्वतःच्या इंजिनीयरकडून घराची व विहिरीची पाहणी करून घेईल. त्यासाठी सीलिंग व फरशी जरुरीपुरती उघडण्यास विक्रेत्याची संमती आहे. पाहणीत गंभीर दोष आढळल्यास खरेदीदारास व्यवहार रद्द करण्याचा हक्क राहील व विसाराची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत मिळेल.’ अंतिम मसुदा वकिलाला दाखवा. ज्याचं घर चांगलं आहे त्याला ही अट जड जात नाही. मी आजवर जी घरं लोकांना सोडायला सांगितली, त्यांतल्या बहुतेकांत विकणाऱ्याने आधी याच अटीवर सही करायला नकार दिला होता.

अहवाल हातात आला की त्यातलं प्रत्येक दुखणं इंजिनीयरला एकच प्रश्न विचारून वाचा: हे आत्ता केलं नाही तर काय होईल? स्लॅब पडेल, असं उत्तर असेल तर ते राहायला जाण्याआधी व्हायला हवं आणि त्याचा अंदाजपत्रकासह आकडा किमतीतून कमी व्हायला हवा. दर पावसाळ्याआधी शाकारणी, म्हणजे कौलांची दुरुस्ती, करावी लागेल, असं उत्तर असेल तर ते कौलारू घराचं नेहमीचं देणं आहे, त्यावरून विकणाऱ्याशी भांडू नका.

तुमच्या फोटोंत एक गोष्ट मला दिसली, ती सांगून थांबतो. मागच्या खोलीच्या आतल्या भिंतीला कमरेपर्यंतच नवा रंग दिलाय, वरचा जुना तसाच ठेवलाय. पुन्हा घर बघायला जाल तेव्हा तो हात लावून बघा, आणि भिंतीच्या पलीकडे बाहेर काय आहे, उतार कुठल्या बाजूला आहे, त्याचा फोटो मला पाठवा.